सापळ्यातला शब्द

कोशाच्या कार्यालयात नव्या इंग्रजी शब्दांसाठी एक नियम होता. एखादा शब्द तीन परक्या माणसांनी, एकमेकांशी संबंध नसताना आणि अर्थ समजावून न सांगता वापरलेला सापडला, की तो कोशात घ्यायचा. 'सेल्फी' असा आला, 'घोस्टिंग' असा आला. 'स्टेकेशन' मात्र बराच काळ दाराबाहेर ताटकळला, कारण तो वापरणारा प्रत्येक जण लगेच पुढे जोडायचा, "म्हणजे सुट्टीत घरीच राहायचं." ज्याची ओळख करून द्यावी लागते तो अजून पाहुणा, असं मुख्य संपादक म्हणत. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण लाल पेन्सिल कानावर ठेवायची सवय होती.

नव्या शब्दांचं काम विज्ञानबाईंकडे होतं. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या. रंगाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सोडून त्या इथे शास्त्रीय शब्द तपासायला आल्या आणि हळूहळू ज्या शब्दांना कुणी वाली नव्हता ते सगळेच त्यांच्या टेबलावर येऊ लागले. खोलीतलं तिसरं टेबल जुळणीकाकांचं. अक्षरजुळणी कधीच संगणकावर गेली होती, पण नाव तेच राहिलं होतं.

कोशात एक शब्द नेहमी खोटा असे. हीसुद्धा धंद्याची रीत. कुणी अख्खा कोश उचलून आपल्या नावावर खपवला, तर तो खोटा शब्दही त्याच्याबरोबर जातो आणि चोर सापडतो. आधीच्या आवृत्तीत मास्तरांनी घोड्याच्या खोगिराच्या एका नसलेल्या पट्ट्याला नाव दिलं होतं. वाचकांपैकी कुणाकडे घोडाच नसल्यामुळे तो शब्द वर्षानुवर्षं जागचा हलला नाही.

नव्या आवृत्तीचा सापळा लावायचं काम विज्ञानबाईंवर आलं आणि त्या अडल्या. खोटी नोंद करायला त्यांचा हात धजेना. प्रयोगशाळेत जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. शेवटी त्यांनी स्वतःची एक तडजोड काढली. शब्द खोटा असेल, पण वस्तू तरी खरी असू दे. त्या सकाळी घरी सासूबाई एका निळ्या डब्याचं झाकण शोधत होत्या. ते सापडलं नव्हतं. बाईंनी लिहिलं:

*लिडलॉस, नाम. डबा शाबूत असून त्याचं जुळणारं झाकण हरवलेलं असण्याची अवस्था. उदा. निळ्या डब्याला लिडलॉस झाल्यापासून तो कांद्यांसाठी वापरतात.*

मास्तर वाचून हसले आणि नोंद पुढे गेली. "हसलो, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं," असं ते नंतर म्हणाले. "खोगिराच्या पट्ट्यावर कुणी हसलं होतं का?"

कोश छापला गेला, त्याची संगणकावरची आवृत्तीही निघाली. पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीने फोनवरचा कोश काढला. फुकट, देखणा, शब्द बोलून दाखवणारा. कार्यालयाच्या कोशाचे वर्गणीदार भराभर गळायला लागले. मालकांनी निरोप पाठवला की हे असंच चाललं तर पुढची आवृत्ती काढण्यात अर्थ नाही. पुढची आवृत्ती नाही म्हणजे तीन टेबलंही नाहीत, हे निरोपात लिहिलेलं नव्हतं, पण तिघांनाही कळलं.

जुळणीकाकांनी फोनवर 'लिडलॉस' शोधला. होता.

"सापडला रे सापडला!" मास्तर खुर्चीतून उठले. "उंदीर सापळ्यात आला! वकीलबाईंना फोन लावा."

वकीलबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक प्रतिज्ञापत्र तयार केलं. शब्द विज्ञानबाईंनी बनवला, तो खोटा आहे आणि या कोशाबाहेर तो कुठेही वापरात नाही, असा मजकूर. सही विज्ञानबाईंची. "शेवटचं वाक्य महत्त्वाचं," वकीलबाई म्हणाल्या. "ते म्हणणार, आम्ही शब्द लोकांच्या तोंडून घेतला. तर लोकांच्या तोंडी तो नाही, हे तुम्ही शपथेवर सांगायचं. नीट वाचा आणि सोमवारी सही करा."

रविवारी नणंद जेवायला आली होती. जेवण झाल्यावर उरलेली भाजी काढून ठेवताना ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "वहिनी, याला पण लिडलॉस झालाय वाटतं. दुसरा दे ना."

विज्ञानबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय झालंय म्हणालीस?"

"लिडलॉस. झाकण नाहीये गं याला."

"हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"सांगायला कशाला हवं? आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. खालच्या कपाटात निम्मे डबे लिडलॉसच आहेत." नणंदेने वहिनीकडे नीट पाहिलं. "अशी काय बघतेस? डबाच मागितला, किडनी नाही मागितली."

बाईंनी घरात हा शब्द कधीच उच्चारला नव्हता. सापळा घरी सांगायचा नाही, हाही नियमच होता. तरी त्यांनी स्वतःला बजावलं, एक नमुना म्हणजे निष्कर्ष नाही. त्यांनी माग काढायचं ठरवलं. साथ कुठून पसरली हे शोधतात, तसं. सगळ्या वाटा मागे जाऊन त्या कंपनीच्या फोनवरच्या कोशाशी पोचल्या, तर शब्द चोरांनीच पसरवला असं म्हणता येईल.

"तुला पहिल्यांदा कुणाकडून कळला?"

"काय पोलिसांसारखं विचारतेस! आमच्या कॅशियरकडून असेल."

"तिला फोन लाव."

"रविवारी? वहिनी, तू बरी आहेस ना?"

पण नणंद मनाने चांगली. तिने फोन लावला. कॅशियरने शब्द तिच्या जिमच्या बाईकडून ऐकला होता. जिमच्या बाईला फोन केला, तर ती म्हणाली, "मी ना? अहो, असंच. सगळेच म्हणतात की." फोनवरचा कोश तिच्याकडे नव्हता. कोश कशाला लागतो, असं तिने उलट विचारलं.

माग तिथे संपला. आणि नियमाप्रमाणे तिथेच सगळं जवळजवळ सिद्धही झालं होतं. तीन माणसं, शब्द बाईंनी बनवला हे तिघींनाही ठाऊक नव्हतं, एकीनेही अर्थ समजावला नव्हता. तरी बाईंनी मनाशी एक फट ठेवली. तिघी एकाच साखळीतल्या होत्या. एकमेकींशी संबंध नसलेल्या, असं म्हणता येणार नाही.

ही फट सासूबाईंनी बुजवली. त्या इतका वेळ खुर्चीत बसून कांदे निवडत होत्या, त्याच निळ्या डब्यातले. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं. "एवढं काय त्या शब्दाचं?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बागेत आम्ही म्हाताऱ्या बसतो ना, तिथे तर आम्ही स्वतःलाच म्हणतो. वरच्या मजल्यावरची, मी, आणि ती चष्म्याच्या दुकानवाली. तिघीही लिडलॉस."

"म्हणजे काय, आई?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे काय काय? तुझे बाबा गेल्यापासून डबा आहे तसाच आहे, चांगला आहे. फक्त काही ठेवलं की सांडतं." एक सडका कांदा त्यांनी बाजूला टाकला. "चष्मेवालीने आणला तो शब्द. तिच्या नातीचा."

त्यांनी पुढचा कांदा उचलला. मग नणंद म्हणाली, "आई, तू कमाल आहेस," आणि पाणी प्यायला उठली.

सोमवारी विज्ञानबाईंनी प्रतिज्ञापत्र सही न करताच मास्तरांच्या टेबलावर ठेवलं.

"हे शेवटचं वाक्य खरं नाही," त्या म्हणाल्या. "शब्द वापरात आहे."

मास्तरांनी ऐकून घेतलं. नणंद, कॅशियर, जिमची बाई, बाग. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "बाई, तुमच्या सासूबाई बागेत काय बोलतात, हे न्यायाधीशाला कोण सांगणार आहे?"

"मी. शपथेवर मीच सांगणार आहे ना?"

"तुम्हाला कुणी विचारणार नाही."

"त्यात लिहिलेलंच आहे, कुठेही वापरात नाही म्हणून. विचारायचं काय राहिलं?"

"कोश बुडाला तर तुमच्या खरेपणाचं लोणचं घालायचं का?" मास्तरांचा आवाज चढला. जुळणीकाकांनी पडद्यावरून नजर काढली नाही, पण त्यांचे हात थांबले होते. "खोगिराचा पट्टा पिढीभर टिकला! आणि तुम्ही काय दिलंत? घराघरात जे हरवतं ते! सापळ्यात लोणी लावतात बाई, अख्ख्या गावाला जेवण नाही घालत."

"चूक माझीच आहे," विज्ञानबाई म्हणाल्या. "अर्थ निरुपयोगी असायला हवा होता. मी उपयोगी दिला. पण त्या चुकीवर खोटी सही करून ती दुरुस्त होणार नाही."

मास्तर दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. चहा आला तोही त्यांनी खिडकीकडे तोंड करून घेतला.

दुपारी विज्ञानबाईंनी कोरा कागद घेतला. वाक्य खोटं असेल तर खरं कोणतं, हे लिहून काढणं त्यांना जमण्यासारखं होतं. प्रयोगशाळेत मिश्रण हातात आलं की आधी त्याचे घटक वेगळे करायचे. नोंदीचे घटक तीन. शब्द, अर्थ, उदाहरण. शब्द मी बनवला. आज तो इतरत्र सापडतो. अर्थ मी दिला. तोही सापडतो, शिवाय लोकांनी त्यात भर घातली आहे. उदाहरणाचं वाक्य मी लिहिलं.

इथे त्या थांबल्या. नणंदेने शब्द उचलला होता. चष्मेवालीच्या नातीने उचलला होता. पण निळा डबा आणि कांदे कुणाच्याच तोंडी नव्हते. शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, उदाहरणाचं वाक्य मागेच राहतं. तसं ते राहायला हवं.

त्या काकांच्या टेबलाशी गेल्या. "त्या फोनमधल्या कोशात 'लिडलॉस' पुन्हा काढता? उदाहरण काय दिलंय?"

काकांनी काढलं आणि मोठ्याने वाचलं, "निळ्या डब्याला लिडलॉस झाल्यापासून तो कांद्यांसाठी वापरतात."

खिडकीकडे तोंड केलेले मास्तर वळले.

"तेव्हा हे वाचलं नाही का कुणी?" विज्ञानबाईंनी विचारलं.

"शब्द दिसला की तुम्ही दोघं नाचायलाच लागलात," काका म्हणाले. बाई नाचल्या नव्हत्या, पण त्यांनी ते सोडून दिलं.

"डबा निळाच," मास्तर पुटपुटले. "कांदेच. 'झाल्यापासून'सुद्धा तसंच." त्यांनी पेन्सिल उचलून कानावर ठेवली. "आणखी बघा, काका. 'घोस्टिंग' बघा. तिथलं उदाहरण माझ्या पुतण्याचं आहे."

तेही जसंच्या तसं होतं. त्यानंतरची कितीतरी.

वकीलबाईंना नवा मजकूर वाचून दाखवला. शब्द आता वापरात आहे, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं. तो परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. "हे आपण स्वतःहून कबूल करायचं?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्यांनी कोर्टात एका कॅशियरला उभं केलं असतं आणि आपण तोंडावर आपटलो असतो. शब्द सगळ्यांचा असू शकतो. निळा डबा तुमच्या एकट्यांच्या घरचा."

सुनावणीपर्यंत गोष्ट गेली नाही. कंपनीने काही आठवड्यांत सगळी उदाहरणं काढून टाकली, मग अर्थही काढून टाकले, आणि त्यांचा कोश आखूड होत होत एके दिवशी फोनवरून नाहीसा झाला. गळलेले सगळे वर्गणीदार परत आले असं नाही. पण मालकांनी पुढची आवृत्ती काढायला होकार दिला.

तिच्या पहिल्या बैठकीत मास्तरांनी स्वतःच विषय काढला. "नियम म्हणजे नियम. लिडलॉसला आता खरा शब्द म्हणून घ्या. आणि दुसरा अर्थही द्या, माणसांबद्दलचा." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमच्या सासूबाईंची हरकत नसेल तर."

"विचारलं मी. त्या म्हणाल्या, तिघींचीही नावं घाला."

"नावं नाही घालता येत."

"तेही सांगितलं. नाराज आहेत."

राहिला नवा सापळा. या वेळी मास्तरांनी अर्थ आधी ठरवला आणि टेबलावर बोट आपटत सांगितला, "सारख्या लांबीच्या दोन दोऱ्यांच्या लांबीतला फरक."

"तो शून्य असतो," विज्ञानबाई म्हणाल्या.

"म्हणूनच! नसलेल्या गोष्टीला नाव. कुणाला लागणार नाही, कुणी वापरणार नाही. यावर बनवा एक शब्द."

विज्ञानबाईंनी मान हलवली. यात खरी वस्तू काहीच नव्हती, पण खोटंही काही नव्हतं. शून्याला नाव दिलं तर ते शून्यच राहणार होतं. त्या लिहायला लागल्या.

"काय हो मास्तर," काका आपल्या टेबलावरून म्हणाले, "हे आमच्या जुळ्या पुतण्यांना फार चांगलं लागू पडेल. आमची वहिनी दिवसभर सांगत असते, थोरला कसा वेगळा आणि धाकटा कसा वेगळा. त्या फरकाला शब्दच नव्हता."

मास्तरांनी डोळे मिटले. "बाई," ते म्हणाले, "लिहू नका."