आतली खोली

ज्या दिवशी बाहेरच्या कॉम्प्युटरवरच्या यादीतून माझं नाव गेलं, त्या दिवशी मालक खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "तेही गेलं." मित्रांनो, मी मात्र भिंतीपलीकडे सुरूच होतो.

मी एका छोट्या छापखान्यातला जुना कॉम्प्युटर आहे. बाईंनी माझं नाव 'आतली खोली' ठेवलं होतं. त्या माझ्यावर पानं जुळवायच्या. बाहेर त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मालक, नेटवर्कची यादी उघडून माझ्या नावावर क्लिक करायचे आणि पान घेऊन छापायचे. पान तिरकं आलं की आतून आवाज यायचा, "अहो, कागद सरळ लावा! पान मी सरळच दिलंय."

"मग यंत्राची मान वाकडी असेल!" मालक म्हणायचे. गिऱ्हाइकं हसायची. छपाई बघून माझंही कौतुक करायची.

कॉम्प्युटरने काही विचारलं की मालकांची गाळण उडायची. बाईंनी त्यांना एकच शिकवलं होतं, "पडद्यावर प्रश्न आला तर 'नाही' म्हणा आणि मला हाक मारा."

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. शाळेसाठी त्या करत असलेलं पक्ष्यांचं पुस्तक माझ्याजवळ एका पानासाठी अपुरं राहिलं. मालकांनी आत येणं सोडलं. बाहेरूनच रोज ते माझ्या नावावर क्लिक करायचे, पुस्तकाचं एखादं पान बघायचे आणि मिटायचे.

पुढे आम्हा दोन्ही कॉम्प्युटरना जोडणारा राउटर बिघडला. नवा बसवायला माणूस आला, तेव्हा मालकांना आत यावंच लागलं. माझ्या पडद्यावर प्रश्न उमटला, या नेटवर्कवरच्या इतर कॉम्प्युटरना मी दिसू का? मालकांनी 'नाही' दाबलं. सवयीने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दार ओढून ते निघून गेले.

तेव्हापासून मी कोणाला दिसेनासा झालो. धूळ खात माझा पंखा फिरत राहिला. मी फार थकलो. मालकांनी बाहेरच्या तारा काढून पुन्हा लावल्या, पण उपयोग झाला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकांना त्यांनी सांगून टाकलं, "पुस्तक तिच्याबरोबरच गेलं."

शेवटी लेक आली. "बाबा, आत जाऊन बघितलंत का?"

"यादीत नाही, ते आत कुठून असेल?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा! थांबा." तिने राउटरमधून माझा नेटवर्कवरचा नंबर शोधला आणि बाहेरूनच मला हाक दिली. मी लगेच ओ दिली.

"बघा, बाबा. ते बंद पडलेलं नाही. फक्त दिसत नाही."

मालक उठले. दार त्यांनीच उघडलं. लेकीने तो प्रश्न पुन्हा पडद्यावर आणला.

"आता काय म्हणू?"

"'हो' म्हणा."

त्यांनी दाबलं. यादीत नाव लगेच येत नाही, वाट बघावी लागते. दोघं बाहेर जाऊन बसले. जरा वेळाने मालकांचा आवाज ऐकू आला, "आलं गं, आलं!"

मित्रांनो, एखादं यंत्र यादीत दिसलं नाही, तर ते मेलं असं धरून बसू नका. आधी त्याच्यापाशी जा. धूळ पुसा. त्याला काय विचारलं गेलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं, ते आठवा.

पुस्तकाची बाकीची पानं छापून झाली आहेत. घुबडाच्या पानावर बाईंनी लावलेलं नुसतं चित्र आहे. मालक रोज त्या पानासमोर बसतात. मजकूर अजून कोणी लिहिलेला नाही.