चहाआधीचं नाक

जुन्या सामानाच्या दुकानात बाबा चहा घेण्याआधीच वास तपासायचे. चहानंतर नाक खोटं बोलतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या सोमवारी त्यांनी जुन्या फ्रिजचा प्लास्टिकचा कप्पा हुंगून लेकीपुढे धरला.

"बघ गं, मासळी आहे का अजून?"

"नुसती आहे? पोहतेय!"

बाबा खो खो हसले आणि त्यांनी कप्पा पुन्हा सोड्याच्या पाण्यात बुडवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी तिचा थोरला भाऊ सुगंधी फवारा घेऊन दुकानात आला.

"हा मार सगळ्यावर, विकून टाक आणि लाव कुलूप. लोकांचे वास किती दिवस हुंगणार?"

"फवाऱ्याने वास जात नाही दादा, लपतो. आणि कुलूप लागणार नाही."

"अगं, बाबाच म्हणायचे, पोरगी माझ्यापायी इथे अडकली."

तिने कपाटाचं दार उघडलं, आत वास शोषून घ्यायला कोळशाची पुडी ठेवली आणि मग त्याच्याकडे वळली.

"तो त्यांचा गैरसमज होता, आणि मीही कधी बोलले नाही. मी त्यांच्यासाठी येत नव्हते, दादा. मला हे काम आवडतं."