दोन नंबर फलाटावरची सत्तावीस वर्षं

मी थ्रम्ली स्टेशनच्या दोन नंबर फलाटावरचा म्हातारा बोलतोय. हौस म्हणून नाही. आमच्या मॉडेल रेल्वे क्लबच्या हिवाळी पत्रकात एक पान कोरं राहिलं, आणि नेव्हिल म्हणाला, "मग म्हाताऱ्यालाच बोलू दे की. इतकी वर्षं गप्प उभा आहे." गप्प उभ्या माणसाला बोलतं करायची ही कुठली रीत? मला लिहिण्यावाचण्याचं वळण नाही. मला ओतलं तेव्हा हातात पेटी दिली, पुस्तक नाही. जसं येईल तसं सांगतो. आवडलं नाही तर पान उलटा.

मी शिशाचा, त्यात थोडं कथील. उंची करंगळीच्या पेराएवढी. खऱ्या माणसाच्या शहात्तर पट लहान, पण राग पूर्ण मापाचा. एका पाकिटात आम्ही सहाजण होतो. वर छापलं होतं, 'गाडीची वाट पाहणारे प्रवासी'. म्हणजे डोळे उघडायच्या आत धंदा ठरलेला.

मला रंगवलं नेव्हिल क्रॅबट्रीनं. हा जन्मभर बेकरीत केकवर नक्षी काढत होता, निवृत्त झाल्यावर माणसांवर काढायला लागला. त्यानं मला तपकिरी कोट दिला, करडी टोपी दिली आणि लालभडक नाक दिलं. नाक दारूनं लाल नाही, कृपा करून लक्षात ठेवा. नेव्हिलला शिंक आली होती.

मग आला सेड्रिक ऑर्मरॉड, क्लबचा अध्यक्ष. गणिताचा मास्तर होता. नोकरी सुटली, पण मास्तरकी सुटली नाही. त्यानं मला चिमट्यात धरलं, डाव्या बुटाला गोंदाचा थेंब लावला, उजव्या बुटाला लावला आणि दोन नंबर फलाटावर दाबून बसवलं. "हलणार नाही आता," म्हणाला. खरं बोलला. सत्तावीस वर्षं हललो नाही.

आता माझी जागा कशी होती ते ऐका. समोर रूळ. पाठीमागे कालवा, व्हार्निशचा, पण पाणी ते पाणी. तिकिटाची खिडकी, चहाची खोली, शेगडी, मुतारी, सगळं पलीकडे एक नंबरवर. माझ्या फलाटावर एक बाकडं, तेही चिकटवलेल्या एका बाईनं अडवलेलं. आणि एक नंबरवरून दोन नंबरवर यायला वाटच नाही! पूल नाही, भुयार नाही, रूळ ओलांडायला फळी नाही. मी आलो कसा? पोहत? पेटी डोक्यावर घेऊन? आमच्या देखाव्यात कायम एकोणीसशे सत्तावन्नच्या सप्टेंबरातला एक मंगळवार असतो, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. त्या मंगळवारात मी सत्तावीस वर्षं मुतारीला गेलो नाही.

तुम्ही म्हणाल, ही माणसं निष्काळजी असतील. छे! निष्काळजी असती तर बरं झालं असतं. कोळसा खरा, हातोडीनं कुटून चाळलेला. शेतातली माती म्हणजे क्लबचा चहाचा चोथा, उन्हात वाळवलेला. बाकड्याचा हिरवा कोणता यावर चार आठवडे भांडण झालं आणि दोन सभासद सोडून गेले. खरं स्टेशन पाडून साठ वर्षं झाली, पण आमच्यात त्याची एक वीट इकडची तिकडे नाही.

कारण क्लबचा एक नियम होता. फोटो असेल तर ते देखाव्यात येणार. फोटो नसेल तर ते जगात नव्हतंच.

फोटो होते अकरा. गावचे त्या वेळचे पाद्रीसाहेब आगगाडीचे वेडे. रविवारी देवाचं काम आणि उरलेले सहा दिवस इंजिनांचं. त्यांनी काढलेले अकरा फोटो सेड्रिकनं भिंगाखाली घालून पाठ केले होते. फोटोत जे दिसेल ते तसंच्या तसं. खालच्या कडेला, फलाटांच्या टोकाशी, रुळांवर आडवा काळा पट्टा दिसत होता, शिडीसारखा रेघारेघांचा, मधोमध एक गोळा. सेड्रिक म्हणाला, कोळशाची भुकटी आणि तेलाचा डाग. नेव्हिलनं तीन आठवडे बसून तो डाग रेघेला रेघ उतरवला. बघणारे वाहवा करायचे.

आता थोरा. थोरा एंटविसल. हिचा बाप खऱ्या थ्रम्ली स्टेशनवर हमाल होता, याच माझ्या फलाटावर. वीस वर्षांपूर्वी ही पहिल्यांदा क्लबात आली, देखाव्यासमोर उभी राहिली आणि पहिलंच वाक्य बोलली, "पूल कुठाय?"

"कसला पूल?" सेड्रिक म्हणाला.

"लोखंडी पूल. इकडून तिकडे जायचा. मी रोज त्यावरून बापाला जेवण न्यायचे. फडक्यात बांधलेलं मटण-बटाट्याचं भांडं. हात भाजायचे."

"फोटो आहे?"

"जेवणाचा?"

"पुलाचा."

"आमच्याकडे कॅमेरा कुठला रे!"

"मग नकाशात बघू." सेड्रिकनं नकाशा काढला. "नाही. पूल नाही."

"हा नकाशा माझ्या आजोबाच्या वेळचा आहे. पूल नंतर झाला."

"लोक पलीकडच्या रस्त्यानं येत असतील."

"पलीकडे कालवा आहे, सेड्रिक. तूच केलायस."

मी मनात टाळ्या वाजवल्या. हात पेटीला चिकटलेले, दुसरं काय करणार? पण नियम तो नियम. थोरा चहा करू लागली, देखाव्यातली झाडं करू लागली. दर वर्षी एकदा पुलाचा विषय काढायची आणि दर वर्षी सेड्रिक म्हणायचा, "फोटो आण."

यंदा मात्र गोष्ट निराळी झाली. इतकी वर्षं आम्ही परगावच्या प्रदर्शनांत जात होतो. तिथे थ्रम्ली कुणी पाहिलंय? या ऑक्टोबरात आमच्याच गावच्या टाऊन हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं, आणि ते झालं की देखावा वाचनालयात काचेखाली कायमचा ठेवायचा असंही ठरलं. सेड्रिकची छाती फुगली. थोरा मात्र कपबशा न विसळता खाली बसली.

"कायमचा?"

"कायमचा."

"मग ऐक. पूल पाहिलेली आम्ही चार-पाच माणसं उरलोय. आम्ही गेलो की या काचेखाली जे असेल तेच खरं होणार. पोरं म्हणतील, इथे पूल नव्हता. म्हणजे मी कधी तो चढलेच नाही. बाप जेवला कसा मग?"

"अगं, भावना वेगळी आणि पुरावा वेगळा."

"तुझी भावना कुठली रे? तुला जन्मतः पुराव्याचं दुखणंच आहे."

तयारी सुरू झाली. क्लब भरतो मंगळवारी, आणि चार मंगळवार हातात. रूळ खोडरबरानं घासले. धूळ ओढून घ्यायचं यंत्र आणलं, आणि त्याच्या तोंडावर थोराचा जुना मोजा बांधला, म्हणजे आमच्यापैकी कुणी आत ओढलं गेलं तर मोज्यात सापडावं. बाकड्यावरची बाई गेलीच. बारा मिनिटं त्या मोज्यात होती. परत आली ती उलट्या टोपीनं, आणि तेव्हापासून तोरा बघावा तिचा, जणू परदेश फिरून आली. सिग्नल अडकला, सुटला, पुन्हा अडकला. पाच फळ्या जोडून हा देखावा होतो. त्यांचे बोल्ट कुठल्या डब्यात यावरून एक अख्खी दुपार गेली, आणि ते निघाले सेड्रिकच्याच कोटात.

तिसऱ्या मंगळवारी थोरानं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. सगळ्यांनी हात पुढे केले. डब्यात पूल होता. पुठ्ठ्याचा आणि काड्यांचा, घरी जेवायच्या टेबलावर बसून केलेला, नुसत्या आठवणीवर. दोन्हीकडे जिने, जाळीचे कठडे.

"सुबक आहे," नेव्हिल म्हणाला.

"सुबक आहे," सेड्रिक म्हणाला, "पण बसणार नाही."

"का?"

"आज पूल आला, उद्या कुणी म्हणेल माझ्या काकांचा हत्ती होता स्टेशनवर."

थोरानं डब्याला झाकण लावलं. त्या दिवशी तिनं चहाही केला नाही, आणि क्लबातल्या म्हाताऱ्यांना किटली सापडेना.

शेवटचा मंगळवार. प्रदर्शनात देखाव्याच्या मागे लावायला म्हणून नेव्हिलनं ते अकरा फोटो मोठे करून आणले आणि ओळीनं भिंतीला टेकवून ठेवले. आजवर ते पाकिटात असायचे, एका वेळी एक बाहेर निघायचा. अकरा एकदम कुणी पाहिले नव्हते. थोरा चहाचा ट्रे घेऊन आली आणि थबकली.

"सेड्रिक, पाद्रीसाहेब उंचीला केवढे होते?"

"मध्यमच. का?"

"मग त्यांना स्टेशनाची कौलं वरून कशी दिसली? या धुराड्याच्या तोंडात बघतोय आपण. याच्यात बघ, इंजिनाचं डोकं दिसतंय. याच्यातही. अकराच्या अकरा वरून."

"टेकडीवरून काढले असतील."

"थ्रम्लीत टेकडी? रुळांच्या बरोबर मधोमध? माणूस उभा कशावर होता रे? हवेत? पाद्री होता, देवदूत नव्हता."

नेव्हिलनं बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तुटून तळाला गेलं, त्याला कळलं नाही.

थोरानं ट्रे खाली ठेवला. डबा उघडला, पूल काढला आणि खिडकीतून आलेल्या उन्हात देखाव्याच्या टोकाशी धरला. पुलाची सावली रुळांवर पडली. नेव्हिलनं तीन आठवडे रंगवलेल्या डागावर ती रेघेला रेघ जाऊन बसली.

"आणि हा मधला गोळा," थोरा म्हणाली, "तेल नव्हे. ती पाद्रीसाहेबांची टोपी आहे."

मी माणसं पुष्कळ पाहिली, सगळी खालून. पण असं शहाणपण पाहिलं नव्हतं. सत्तावीस वर्षं या शहाण्यांनी पुलाची सावली जपली, पुसली, वाहवा मिळवली, आणि पूल दारात उभा असताना त्याला फोटो मागत बसले.

सेड्रिक उठला. खोकला. देखाव्यापाशी वाकला, आणि, खोटं सांगत नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, "माफ कर रे बाबा. सत्तावीस वर्षं अडकवून ठेवलं तुला." शिशाच्या माणसाची माफी मागणं सोपं असतं. हाडामांसाची बाई मागे उभी होती. तिच्याकडे वळायला त्याला आणखी दोन मिनिटं लागली. शेवटी तो आत गेला आणि तिच्यासाठी वेगळा चहा करून घेऊन आला. सेड्रिकनं केलेला पहिला चहा. नुसतं कोमट पाणी होतं. थोरानं शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

गुरुवारी पूल बसवला. दोन नंबरवरचा जिना नेमका माझ्या पायाशी उतरत होता, म्हणून मला हलवणं आलं. ते कसं झालं ते सांगतोच, पण आधी शनिवार.

शनिवारी टाऊन हॉलात निम्मं गाव लोटलं. एक वाळलेला म्हातारा काठी टेकत आला, पुलाकडे बघून बायकोला म्हणाला, "याच जिन्यावरून मी पडलो होतो, दात इथेच गेला." बायको म्हणाली, "चाळीस वर्षं मला सांगितलंस युद्धात गेला." सेड्रिक प्रत्येकाला सांगत होता, "सावलीवरून सिद्ध केला आम्ही. बारकाईचं काम." आम्ही! थोरानं ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. ती देखाव्याभोवतीच्या कठड्याबाहेर उभी राहून नुसती बघत होती. गर्दी पांगल्यावर तिनं एक बोट पुढे केलं, 'हात लावू नका' अशी पाटी तिनंच लिहिलेली असताना, आणि एक नंबरवरून चढून, पूल ओलांडून, दोन नंबरवर उतरवलं. हळूहळू. हातात गरम भांडं असल्यासारखं.

आता मी वाचनालयात आहे, काचेखाली. जागा बरी आहे, धूळ नाही. मला पुलाच्या मधोमध ठेवलंय, पाद्रीसाहेब उभे राहायचे तिथे. इथून सगळं दिसतं. तुम्हाला विनंती एकच, पोरांना घेऊन या आणि काचेला नाक लावू देऊ नका. पोरं विचारतात, "आजोबा कठड्याला टेकून का उभे आहेत? प्यायलेत का?" मोठी माणसं हसतात.

प्यायलेलो नाही. गुरुवारी मला फलाटावरून उचकटताना लोणी लावायची सुरी वापरली, आणि कट् झालं. डावा बूट घोट्यासकट फलाटावरच राहिला. तो आता जिन्याच्या खाली गाडला गेलाय. उचकटणाऱ्या हातानं मला उजेडात धरून पाहिलं, फलाटावरच्या बुटाकडे पाहिलं, आणि जिचा खरेपणा वीस वर्षं कुणाला सोसवला नाही ती म्हणाली, "जाऊ दे, कुणाला दिसतंय!" आणि वर जिना चिकटवून टाकला.

सेड्रिकचं आणि माझं मिटलं. नाकाचं मी नेव्हिलला माफ केलं, शिंक काय कुणालाही येते. माझी माफी एका माणसानं मागायची राहिली आहे. तिचं नाव थोरा एंटविसल.