शनिवारी वाजलेली शिट्टी

मी एक पितळी शिट्टी बोलतेय. खरं तर बोलायचं नाही असं ठरलंय. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत मीटिंग झाली आणि सगळे म्हणाले, "आपण काहीच पाहिलं नाही." मला कोणी विचारलं नव्हतं.

माझे मालक एलिजा पेणकर, निवृत्त हवालदार. बेने इस्राएली ज्यू. नोकरीत त्यांनी काठीपेक्षा मलाच जास्त वापरलं. माझा आवाज झाला की उगारलेले हात खाली यायचे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या पत्नी रिबेकाबाईंनी शब्बाथचे, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे दिवे लावले की मी कपाटात जायचे. शनिवारी काम करायचं नाही, मीसुद्धा नाही.

सोसायटीत चोऱ्या वाढल्या तेव्हा एलिजांनीच लोकांना शिकवलं, की शिट्टी ऐकू आली की सगळ्यांनी गेटपाशी धावायचं. लोक हौसेने शिकले.

गेल्या शनिवारी दुपारी गेटवर आरडाओरडा झाला. समोरच्या फ्लॅटमधला चंदर आणि आणखी दोघंतिघं एका अनोळखी माणसाला चोर समजून मारत होते. तो मिक्सर दुरुस्त करायला आलेला, चुकून दुसऱ्या विंगमध्ये शिरला होता. पण हे नंतर कळलं.

"चंदर, सोड त्याला. पोलिसांना बोलाव," एलिजा खिडकीतून ओरडले.

"काका, आज शनिवार ना तुमचा? घरात बसून प्रार्थना करा."

एलिजांनी कपाट उघडलं. "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावाच लागतो," असं बाईंना सांगत ते जिना उतरले आणि मला जीव खाऊन फुंकलं. हात काही खाली आले नाहीत. उलट दारं उघडली. शिकवल्याप्रमाणे सगळे धावत आले, काठ्या आणि बॅटी घेऊन. मी वाजत राहिले, गर्दी वाढत राहिली. शेवटी एलिजा त्या माणसावर आडवे पडले, तेव्हा लोक थांबले.

तो उल्हासनगरच्या हॉस्पिटलमध्ये आहे, अजून शुद्धीवर आलेला नाही. आणि पोलिसांना कोणी नाव सांगत नाही.

"अहो, या बिल्डिंगमध्ये ज्यूंचं आपलं एकच घर," काल बाई म्हणाल्या. "तुमच्या छातीत दुखलं तेव्हा गाडी चंदरनेच काढली ना?"

"म्हणून तर जड जातंय," एलिजा म्हणाले. "शेजाऱ्याचं रक्त सांडताना नुसता उभा राहू नकोस, असं आपल्या तोरा ग्रंथात आहे. शेजारी ओळखीचाच हवा, असं कुठे म्हटलंय?"

आज सकाळी बाईंनी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर आणून ठेवला. एलिजा चौकीत जाऊन सगळी नावं सांगणार आहेत, आणि शिट्टी आपणच फुंकली, हेही.

त्यांनी मला हातात घेतलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात चंदर. कालचं बोलणं समोरच्या फ्लॅटपर्यंत गेलं असावं.

"काका, चौकीला निघालात ना? चला, गाडी काढतो."

एलिजांची मूठ माझ्यावर घट्ट मिटतेय. मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की कुठेही शिट्टी ऐकलीत तर जरूर धावत या, पण येताना हातात काठी—