खरा नंबर, चुकीचं दार

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत जप्त केलेल्या वस्तू ठेवतात. तिथल्या एका फळीवर, लाखेचा शिक्का मारलेल्या पिशवीत पडलेली मी एका मोटारीची जुनी नंबरपाटी आहे. माझा पांढरा रंग पिवळट पडला आहे, एक कोपरा दुमडला आहे. आकडे मात्र अजून लांबूनही वाचता येतात. ते पुसले गेले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंगावर चमकणारा कागद चिकटवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा, एवढीच मी होते. मग साच्यावर ठेवून यंत्राने असा काही दणका दिला, की माझी अक्षरं वर उठली. गरम रुळाखालून जाताना त्यांना काळा रंग चढला. माझ्यापाठोपाठ माझी जुळी बहीण बाहेर आली. तिने गाडीच्या पुढे बसायचं आणि मी मागे, हे जन्मतःच ठरलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, पाटीत काय एवढं? चार अक्षरं नि काही आकडे! पण गाडीची सगळी ओळख त्यातच असते. पहिली अक्षरं प्रांताची, पुढचा क्रमांक नोंदणी कचेरीचा. नंतर मालिकेची अक्षरं, आणि शेवटी त्या मालिकेत दुसऱ्या कुणालाही न मिळणारा आकडा. कचेरीत त्या नंबरापुढे मालकाचं नाव, पत्ता, गाडीचा रंग आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक लिहिलेला असतो. त्यामुळे रस्त्यावर कुणी मला वाचलं, की पोलीस सरळ मालकाच्या दारात जाऊन उभे राहू शकतात.

आम्हा दोघींना एका छोट्या पांढऱ्या गाडीवर बसवलं. पुन्हा उघडता येणार नाहीत असे खास खिळे ठोकले. गाडी होती घरोघर जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका नर्सबाईंची. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणा म्हाताऱ्याची कूस बदलायची. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली, की खिडकीतून कुणीतरी नंबर वाचून आत ओरडायचं, "आल्या गं सिस्टर, पाणी तापत ठेव!" कामावर निघण्याआधी सिस्टर ओल्या फडक्याने मला पुसायच्या. त्या दिवसांत मला माझ्या आकड्यांचा केवढा अभिमान होता!

वर्षं गेली. गाडी चढावर धापा टाकू लागली, तळाचा पत्रा गंजला. शेवटी सिस्टरनी ती भंगारात दिली. भंगारवाल्याला सगळा बाजार मामा म्हणायचा.

"मामा, पाट्या कचेरीत जमा करून नंबर रद्द करून घ्याल ना?" सिस्टरनी विचारलं.

"अहो ताई, हे आमचं रोजचंच काम. तुम्ही निर्धास्त जा."

सिस्टरनी एकदा गाडीच्या टपावर हात ठेवला आणि त्या वळून न बघता निघून गेल्या. नियम असा आहे, की गाडी मोडीत निघाली की तिच्या पाट्या कापून टाकायच्या. मामाने छिन्नीने आमचे खिळे तोडले, पण आम्हाला कापलं नाही. गोणपाटाखाली लपवलं आणि एका ड्रायव्हरला विकलं. त्याच्याकडे चोरीची एक निळी गाडी होती. साधे स्क्रू पिळून त्याने आम्हाला तिच्यावर बसवलं. माझ्या अंगावर सिस्टरचा पत्ता आणि गाडी कुण्या भलत्याचीच!

एका संध्याकाळी तो ड्रायव्हर वळणावर भरधाव आला. समोर सायकलवर घड्याळं दुरुस्त करणारा एक घड्याळजी होता, मागे कॅरिअरवर त्याची बायको. मोठा आवाज झाला. गाडी क्षणभर थांबली. मला वाटलं, आता हा उतरेल, त्यांना दवाखान्यात नेईल. रस्त्याच्या कडेला फेकली गेलेली ती बाई मान उचलून माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. ती मला वाचत होती. मग गाडीने एकदम वेग घेतला.

घड्याळजी जागीच गेला. माझ्या बहिणीचा चेंदामेंदा झाला होता. ड्रायव्हरने तिला उपटून नाल्यात भिरकावलं. मी मात्र जागेवरच राहिले.

पुढचं सगळं मला या ठाण्यात, फौजदारांच्या टेबलावर पडल्या पडल्या कळलं. घड्याळजीच्या बायकोने नंबर अचूक सांगितला होता. पोलीस सिस्टरच्या दारात गेले.

"माझी गाडी पांढरी होती हो, मी ती भंगारात दिली," सिस्टर सांगत राहिल्या.

"रंग काय, कधीही बदलता येतो," फौजदार म्हणाले.

मामाने तर कानांवर हात ठेवले. अशी गाडी आपण पाहिलीच नाही म्हणाला. सिस्टर कोठडीत गेल्या. जामिनावर सुटल्या तेव्हा नोकरी गेली होती. ज्यांच्या जखमा त्यांनी धुतल्या होत्या, त्यांच्या घरांची दारं त्यांना बघून बंद होऊ लागली.

पुढे एका नाक्यावर हवालदाराने माझ्यावरचा चिखल पुसला आणि त्याला साधे स्क्रू दिसले. "हिचे खिळे कुठे गेले रे?" असं म्हणत त्याने गाडीचं इंजिनावरचं झाकण उघडायला लावलं. सांगाड्यावरचा क्रमांक कचेरीत कळवला. तो माझ्या नंबराशी जुळेना. ड्रायव्हर सापडला, त्याने मामाचं नाव घेतलं.

मला ओळखण्यासाठी दोन्ही बायकांना ठाण्यात बोलावलं. समोरासमोर त्या पहिल्यांदाच बसल्या.

"हाच नंबर," घड्याळजीची बायको म्हणाली. "रोज सकाळी उठल्या उठल्या म्हणायचे मी हा. विसरले तर यांना न्याय कुठून मिळणार, अशी धास्ती वाटायची." मग ती सिस्टरकडे वळली. "पण सिस्टर, मी खोटं नव्हते हो बोलले."

"माहीत आहे मला. तुमचा एक आकडाही चुकला नाही."

"मग तुमच्या वाट्याला हे का आलं?"

सिस्टरनी पाण्याचा पेला उचलला. हात इतका थरथरत होता, की पाणी टेबलावर सांडलं. "कोठडीतून आल्यापासून असंच होतंय," त्या हळूच म्हणाल्या. "आता सुई धरता येत नाही." घड्याळजीची बायको उठली. तिने पेला त्यांच्या ओठांशी धरला आणि सिस्टर तिच्या हातून पाणी प्यायल्या. फौजदार खिडकीबाहेर बघत राहिले.

खटला अजून चालू आहे. मामा जामिनावर सुटला आहे, त्याचं दुकानही उघडं आहे. सिस्टर पुन्हा कुणाच्या घरी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, त्या जुन्याही होतील. तेव्हा कुणाच्या शब्दावर पाटी सोडून येऊ नका. तिथेच उभे राहा आणि तुमच्या डोळ्यांदेखत तिचे तुकडे करून घ्या. कीव करू नका. आम्हा पत्र्यांना कात्रीने दुखत नाही.