झाकणसाहेबांच्या समोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. उद्योग, व्यापार आणि प्रगती यांचा भार मी वर्षानुवर्षे माझ्या अंगावर पेलला आहे. मोठमोठे अधिकारी, संचालक आणि सल्लागार माझ्यापाशी येऊन टेकले आणि इथूनच थेट आकाशात गेले. माझ्यावर मात्र त्यांच्यापैकी कोणी बसले नाही. माझ्यावर त्यांनी बॅगा ठेवल्या.

मित्रांनो, ही तक्रार नाही. बॅगाही चांगल्या घरातल्या होत्या.

माझा जन्म फर्निचरच्या एका कारखान्यात झाला. आम्ही दोघी जुळ्या बहिणी. एकाच ओंडक्याचे पाय, एकाच ताग्यातले तपकिरी रेक्झिन. गादी ठोकून झाल्यावर कारागीर आधी बहिणीवर बसला, मग माझ्यावर बसला, जरा उसळला आणि शेजारच्याला म्हणाला, "हिच्यावर बसलेला माणूस गप्पा संपल्याशिवाय उठायचा नाही." हे बोल मी मनावर घेतले. खुर्चीच्या वाट्याला मनावर घेण्यासारखे फारसे काही येत नाही; आले ते ती जपून ठेवते.

पुढे आम्हा दोघींची रवानगी विमानतळावरच्या लाउंजमध्ये झाली. लाउंज म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला हवे. विमानतळावर दोन प्रकारची माणसे असतात. काही जण बाहेर पत्र्याच्या गार बाकांवर बसून विमानाची वाट पाहतात आणि काही जण आत मऊ खुर्चीत बसून. विमान उशिरा आले की दोघांनाही ते सारखेच उशिरा येते. पण आतल्याला तेवढ्या वेळात सूप मिळते.

आत यायला विमान कंपनीचे सिल्व्हर किंवा गोल्ड कार्ड असावे लागते. हे सोने अंगावर घालता येत नाही, मोडता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. वर्षभर विमानात बसत राहिले की ते मिळते आणि पुढच्या वर्षी तितकेच बसले नाही तर आपोआप वितळते. म्हणजे ते टिकवण्यासाठी पुन्हा विमानात बसायचे. शिकलेली माणसे हे करताना मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमची जागा अगदी दरवाजाजवळ, काचेच्या भिंतीला लागून होती. मध्ये एक गोल टेबल, त्याच्या एका अंगाला बहीण, दुसऱ्या अंगाला मी. काचेतून काउंटर दिसायचे आणि बाहेरचे बाकही. काउंटरवर एक बाई असत. त्यांचे काम कार्ड तपासण्याचे आणि हसण्याचे होते, आणि दोन्ही त्या एकाच यंत्रावर उरकत असाव्यात असे वाटे. आत टेबले पुसायला एक मावशी होत्या. त्या मात्र हसायचे तेव्हाच हसत.

झाकणसाहेब हे नाव मावशींनीच ठेवले. हे गृहस्थ बाटल्यांना झाकणे लावणारी मशीन विकत. दर आठवड्याच्या सुरुवातीला बाहेरगावी जाताना ते आमच्याच टेबलाशी बसत आणि फोनवर कोणालातरी कळवळून विचारत, "पण झाकण नीट बसतंय का?" ते बहिणीवर बसत. माझ्यावर बॅग.

लाउंजमध्ये गर्दी झाली की हातात बशी घेतलेला एखादा माणूस माझ्याकडे बोट दाखवून विचारी, इथे कोणी आहे का? झाकणसाहेब मान वर न करता म्हणत, "आहे. येतायत." मग तो माणूस पुढे जाई. मी दरवाजाकडे डोळे लावून बसे. खरोखर कोणी येत असेल, असे मला सुरुवातीला बरेच दिवस वाटत होते. आले कधीच कोणी नाही. अनोळखी माणसाशी बोलायचा त्यांना कंटाळा होता, एवढेच.

ओळखीचे एकच माणूस होते. त्यांची बायको, आणि ती फोनवर. सुरुवातीच्या वर्षांत ते तिला लाउंजचे सगळे वर्णन करून सांगत. सूप कसे आहे, टॉवेल किती जाड आहेत, वर्तमानपत्रे फुकट असतात आणि आपण ती सगळी घेतो. मग म्हणत, "तू एकदा चल माझ्याबरोबर. कार्डावर एक पाहुणा फुकट असतो. तुला इथे समोर बसवतो." समोर म्हणजे माझ्यावर. ते ऐकले की माझ्या गादीतल्या स्प्रिंगा जरा ताठ होत. पण एकदा मुलीची परीक्षा आली, एकदा सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन आले, आणि एकदा तर काहीच आले नाही, तरी ते एकटेच आले.

हळूहळू फोन आखडत गेले. शेवटी शेवटी ते एवढेच बोलत : "पोचलो. हो. गेट बदललंय. ठेवतो." मधेच कोणीतरी येऊन माझ्याबद्दल विचारी आणि ते फोन कानाला तसाच ठेवून म्हणत, "आहे. येतायत."

विमान कंपनीचे नियम मात्र त्यांना तोंडपाठ होते. किती वजन चालते, कोणत्या ओळीत पाय लांब करता येतात, कोणते तिकीट गोल्डच्या हिशेबात धरतात आणि कोणते नाही, सगळे. काउंटरवरच्या बाई कधी अडल्या तर त्यांना विचारत. मग झाकणसाहेबांचा चेहरा असा फुलून येई, की जणू जगातले एकूण एक झाकण नीट बसले आहे.

मग त्यांच्या कंपनीला शोध लागला, की मशीन पडद्यावरही दाखवता येते. त्यासाठी माणूस आणि त्याची बॅग सारखी हलवावी लागत नाही. झाकणसाहेबांचे येणे कमी कमी होत गेले. वर्ष संपत आले आणि गोल्ड वितळायला लागले.

त्याच सुमारास एका दुपारी ते आले. अंगात फुलाफुलांचा शर्ट. आधी मी ओळखलेच नाही. मी खरोखरच त्यांच्या बायकोची वाट पाहिली, कारण असा शर्ट माणूस एकट्याने घालत नाही. पण त्यांनी बॅग नेहमीप्रमाणे माझ्यावर ठेवली आणि काउंटरवरच्या बाईंना मोठ्या उत्साहाने सगळे समजावून दिले. नवराबायको समुद्रकाठी सहलीला निघाले होते. साठलेल्या पॉइंटांवर एक तिकीट फुकट मिळत होते, ते त्यांनी बायकोला दिले. फुकटचे तिकीट गोल्डच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून स्वतःचे त्यांनी विकत घेतले, आणि तेही दोन शहरांवरून वळसा घालून जाणारे. जितका वळसा मोठा, तितके गोल्ड पक्के. बायकोचे विमान सरळ जाणारे आणि पहाटेचे. त्या वेळी लाउंज उघडतच नाही. ती केव्हाच पोचली होती.

बाईंनी ही हकिगत मावशींच्या कानावर घातली. सहलीला चाललेत, बायको पुढे गेली, म्हणाल्या.

"मग हे कशाला चाललेत?" मावशींनी विचारले.

इकडे झाकणसाहेब फोनवर बायकोची समजूत घालत होते. "खोली ताब्यात घे. जेवून घे तू. अगं, तुझ्यासाठीच तर करतोय हे. गोल्ड राहिलं की पुढच्या वेळी तुला आत घेऊन येतो, समोर बसवतो." पलीकडून काय उत्तर आले, ते मला ऐकू आले नाही. बहुधा समुद्राचा आवाज फार असावा.

गोल्ड राहिले. घरी नवे कार्ड गेले. आणि त्यानंतर झाकणसाहेब आलेच नाहीत, कारण आता कुठे जायचेच नव्हते. माझ्यावर इतरांच्या बॅगा येत राहिल्या. समोर बहिणीच्या गादीत झाकणसाहेबांच्या आकाराचा खड्डा पडला होता आणि त्यात दुसरे कोणी नीट मावत नव्हते. टेबल पुसताना मावशी म्हणत, दोघी एकाच दिवशी आल्या. ही बिचारी झिजून गेली आणि ती बघा, कशी कोरी करकरीत. हे कौतुक होते. मित्रांनो, न वापरल्याबद्दल कौतुक होणे ही गोष्ट कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

आणि एका सकाळी एक बाई काउंटरपाशी आल्या. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेले कार्ड काढून पुढे ठेवले. मुलीकडे निघाले आहे, म्हणाल्या, आणि मिस्टरांनी सांगितले आहे, की कार्ड दाखव, आत बसवतील.

काउंटरवरच्या बाईंनी कार्ड यंत्राला लावले. यंत्राने "सुस्वागतम् सर" असे दाखवले. बाई अवघडल्या. "मॅडम, कार्ड चालू आहे, पण साहेब बरोबर लागतात. पाहुणा एकटा चालत नाही."

"ते घरी आहेत," साडीतल्या बाई म्हणाल्या. "मीटिंगमध्ये. आता रोज घरीच असतात. शेजारच्या खोलीत."

सगळे नियम पाठ असलेल्या माणसाला नेमका हा नियम ठाऊक नव्हता. पाहुणा कधी आणलाच नव्हता, मग पाहुण्याचे कलम वाचणार कशाला? बायकोने फोन लावला. पलीकडे त्यांनी वाद घालायला सुरुवात केली असावी, कारण ती सारखी त्यांना आवरत होती. "नका भांडू त्यांच्याशी. नियम आहे तो. मी बसते बाहेर. अहो, त्यात काय एवढं. तुमचे लोक थांबले असतील पडद्यावर, जा तुम्ही."

फोन ठेवून ती जायला वळली. मग थांबली. "ते कुठे बसायचे?"

काउंटरवरच्या बाईंनी काचेतून आमचे टेबल दाखवले. त्या वेळी बहीण रिकामी होती आणि माझ्यावर कोणाचीतरी काळी बॅग होती.

"आणि समोर कोण असायचं?"

"समोर कोणी नाही, वहिनी." बाईंचे मॅडम म्हणणे आपोआप सुटले होते.

"असायचं कोणीतरी. मी फोनवर ऐकलंय ना. कोणी विचारलं की म्हणायचे, आहे, येतायत. इतकी वर्षं ऐकलंय." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली. सूप कसे असते असे विचारावे, तशा. "घरी कधी विचारलं नाही. म्हटलं, एकदा बघून तरी येऊ."

काउंटरवरच्या बाई यंत्राकडे पाहू लागल्या. आतून फडके घेऊन आलेल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सरळ सांगून टाकले. "बॅग असायची हो तिथे. मी रोज पुसते ते टेबल. बॅगेशिवाय कोणी नाही. कधीच नाही."

वहिनींनी काचेला जवळजवळ नाक लावून माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे इतके लक्षपूर्वक त्या कारागिरानंतर कोणी पाहिले नव्हते. इतक्या वर्षांची शंका फिटल्यावर माणसाला बरे वाटायला हवे. निदान मला तसे वाटत होते.

"कोणी असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तेवढंच बोलले तरी असते."

तिने कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळले आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पिशवी पायांशी ठेवली. थोड्या वेळाने लहान मूल कडेवर घेतलेली एक अनोळखी बाई येऊन जागा शोधू लागली, तशी वहिनी सरकून बसल्या आणि त्यांनी मुलाला काहीतरी विचारले. मग त्या दोघी विमानाची घोषणा होईपर्यंत बोलत होत्या. मी काचेच्या आतून सगळे पाहिले. माझी गादी त्यांच्या बाकापेक्षा पुष्कळ मऊ होती.

पुढे लाउंजचे नूतनीकरण निघाले. जुने सामान मागच्या कोठीत गेले. तिथे जागा कमी, म्हणून आम्हांला एकमेकींवर रचले. अशा रीतीने शेवटी माझ्यावर कोणीतरी बसले. माझी बहीण. तीही उलटी.

मित्रांनो, माझे आयुष्य आता सरत आले आहे. तुम्ही खुर्च्यांना जपा. त्यांच्यावर ओले कपडे टाकू नका, चाकूने नावे कोरू नका. आणि कोणासाठी जागा धरून ठेवली असेल, तर त्या माणसाला वेळेवर बोलवा. रिकामी जागा जपून ठेवता येते, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत होते.

नव्या लाउंजची बातमी मावशी कोठीत झाडू ठेवायला आल्या की सांगतात. आता तिथे गोल्ड कोणी विचारत नाही. बँकेचे कुठलेही साधे कार्ड दाखवले की कोणालाही आत सोडतात, आणि आत इतकी गर्दी होते, की लोक बाहेर बाकांवर येऊन बसतात.