एकशे अठ्ठावीस

रामधनने चौथ्या तारेला कथिलाचा थेंब लावला, फुंकर मारली आणि मान न उचलता म्हणाला, "टाक."

ममताने कीबोर्डवर आठ दाबून एंटर मारलं. फळीवर खट् असा बारीक आवाज झाला आणि चौथा बल्ब पेटला.

"चौथ्याले आठ काहून?"

"पयल्याले एक, दुसऱ्याले दोन, तिसऱ्याले चार. दर बारी दुप्पट होते, बा. दोन दिवे संगं लावाचे असले तं दोघांची बेरीज टाकाची." तिने नऊ दाबले. पहिला आणि चौथा पेटले.

रामधन बराच वेळ त्या दोन बल्बांकडे पाहत राहिला. उमरखेडच्या दुकानात पंचवीस वर्षं त्याने जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरल्या होत्या. तार त्याला हातानेच कळायची. पण आकडा टाकला की दिवा लागतो, हे त्याला लेकीकडून शिकावं लागत होतं.

कॉम्प्युटर जुना होता. गावातला क्लास बंद पडला, तेव्हा सरांनी पंखे दुरुस्त केल्याबद्दल तो देऊन टाकला होता. त्याच क्लासात ममता शिकली होती. प्रिंटरची वायर लावायची जागा असते, तिथून आठ तारा काढून आठ दिवे चालवता येतात, हे सरांनीच तिला कागदावर काढून दिलं होतं. दिवा चालू-बंद करणारे रिले विकत आणायची गरज पडली नाही. रामधनच्या दुकानात मोडके स्टॅबिलायझर पडून होते, त्यांतले खोलून काढले. दुकानात वेळही होता. कापसाचे असे हाल चालले होते की विहिरीवरची मोटार जळाली तरी लोक महिना-महिना भरायला आणत नव्हते.

ममताचं लग्न ठरलं होतं. तांड्यात दिवाळीच्या अवसेला कुवाऱ्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघर जातात आणि घरातल्या एकेकाला मेरा करतात, म्हणजे सणाच्या शुभेच्छा देतात. ममताचा हा शेवटचा मेरा होता. तिच्या आईला, म्हणजे तिच्या याडीला, लालीबाईला जाऊन वर्ष आणि वर महिनाभर झाला होता, त्यामुळे घरावर दिवे लावायला आता कोणाची हरकत नव्हती.

"कोणता दिवा कुठं, लिवलं काय?" रामधनने विचारलं.

ममताने वही पुढे केली. दार. दोन खिडक्या. वळचणीच्या दोन माळा. लिंबाचं झाड. गोठा. आठव्या आकड्यापुढे तिने लिहिलं होतं, मागची पायरी.

रामधनने वही परत दिली.

"मागं कोण पाहते? आठवा दरवाज्यावरच अजून एक देऊ."

"मागच्या घरातून कांताकाकू पाहते," ममता म्हणाली. "अन् तिथं होल्डर हायच ना."

होल्डर होता. रामधननेच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी. घरातून वायरही ओढून आणली होती. फक्त जोडायची राहिली होती. दोन टोकांना काळी टेप गुंडाळून त्याने ती भिंतीवरच्या डबीत दाबून ठेवली होती. लालीबाई म्हणायची, लोकाच्या गणपतीले लायटिंग करता, माह्या पायरीवर एक बल्ब लागत नाई. तो म्हणायचा, उद्या. ती हसून शेजारी सांगायची, आमच्या घरी उद्या लाईट येते.

गेल्या वर्षी भादव्यात संध्याकाळी म्हशीसाठी पाण्याची बादली घेऊन ती मागून उतरली. पायरीवर शेवाळ धरलं होतं, पाय घसरला. नांदेडच्या दवाखान्यात ती तीन दिवस होती, पण बोलली नाही.

तिचा भाऊ हरिसिंग दुसऱ्या तांड्यावरून थेट दवाखान्यात आला होता. त्याने विचारलं, "पडली कशी?"

आणि रामधन म्हणाला होता, "लाईट नव्हती."

तेव्हा ममता पलंगाशी उभी राहून पेल्यात पाणी ओतत होती. तिने वर पाहिलं नाही. पुढे तांड्यातही कोणी उलट बोललं नाही. लाईटचं जाणं-येणं इतकं रोजचं होतं की कोणत्या दिवशी किती वाजता होती, हे कोणाच्या ध्यानात राहत नव्हतं. ध्यानात होतं ते रामधनच्या. त्या संध्याकाळी दुकानातून तो घरी आला, तेव्हा समोरच्या खोलीतला पंखा फिरत होता.

तेरवी झाल्यावर हरिसिंग सबस्टेशनवर गेला होता. तिथल्या लाईनमनची, विठ्ठलरावची, त्याने चार लोकांत कॉलर धरली आणि दोन थोबाडीत मारल्या. विठ्ठलरावने हात उचलला नाही. महिन्याभराने तो टेबलफॅन घेऊन रामधनच्या दुकानात आला, स्टुलावर बसला, चहा प्याला. जाताना म्हणाला, "वहिनीचं लय वाईट झालं." रामधनने त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी हरिसिंग भाचीसाठी साडी घेऊन आला आणि फळीवरच्या तारा पाहून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दाजी, हे काय? बटन दाबाले आता कॉम्प्युटर ठेवला काय?"

"पोरीचं हाय."

"एवढ्या तारांत तं एखादी म्हैस अटकून मरन." तो हसला आणि खाटेवर बसला. "मेहनत करून राह्यले, पण ऐन वक्ताले लाईट गेली तं? का पुन्हा जाऊ सबस्टेशनवर? माहा हात अजून तसाच हाय."

सोल्डरिंगच्या सळईचं तापलेलं टोक रामधनच्या बोटाला लागलं. त्याने ते बोट तोंडात घातलं. ममता उठून चहा ठेवायला आत गेली.

अवसेच्या दिवशी दुपारी सात ठिकाणच्या माळा लागल्या. शिडी घेऊन रामधन मागे गेला. डबी उघडली. टेप उन्हाने कडक झाली होती. ती नखाने निघेना, म्हणून त्याने ब्लेड लावलं. आत तांबं अजून लाल होतं, नवीन वायरीसारखं. दोन्ही टोकं पिळून घट्ट करायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. तो शिडीवरून उतरला आणि पायरीच्या बाजूने चालत आत आला. वर्षभरात त्याने त्या पायरीवर पाय दिला नव्हता.

ममता वहीतले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरत होती. रामधन तिच्या मागे उभा राहून वाचू लागला. एकशे एकोणतीस. एकशे तीस. एकशे बत्तीस. एकशे छत्तीस. त्याने बोटांवर बेरीज करून पाहिली. आता त्याला ते जमू लागलं होतं.

"तुह्ये आकडे चुकले," तो म्हणाला. "आठव्याचे एकशे अठ्ठावीस. ते तं सगळ्यांत आले."

"चुकले नाई."

"मंग आठवा इझनच नाई."

"नाईच इझवाचा."

तिने पुढचा आकडा भरला. एकशे चव्वेचाळीस. मग हात मांडीवर ठेवले.

"बा, त्या दिवशी लाईट होती."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरं फटाके फोडत होती. रामधनने खाटेची कड धरली आणि खाली बसला.

"तुले काय माईत?"

"मी कांताकाकूकडं टीव्ही पाहून राह्यलती. याडीनं दोन बारी हाक मारली. बॅटरी धराले ये म्हणे, मागं दिसत नाई." ती पडद्याकडेच पाहत बोलत होती. "मी म्हटलं, अडवटाईज लागू दे. मंग येतो."

एक वर्ष ही पोर त्याला भाकरी वाढत होती, आणि तो तिच्यापासून नजर चोरत होता. तिची नजर कुठे असायची, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"तू मामाले सांगतलं लाईट नव्हती म्हणून," ममता म्हणाली, "तं मले बरं वाटलं."

तो उठला. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं, पण हाताला कथिलाचा वास होता. तो वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "भर बाकीचे. पोरी येतीन आता."

दिवेलागणीला सात दिवे एकामागून एक लागू लागले. दार, खिडकी, खिडकी, वळचण. तांड्यातले लोक अंगणात येऊन उभे राहिले. लिंबाचं झाड पेटून विझलं तेव्हा कोणीतरी शिट्टी मारली. हरिसिंग चार लोकांना सांगत होता, "भाचीनं केलं, दाजीले काही येत नाई यातलं."

मग पोरी आल्या. प्रत्येकीच्या हातात दिवा होता. त्यांच्यात ममताही होती, मामाने आणलेल्या साडीत. आपल्याच घराच्या दारात उभं राहून तिने बापाला मेरा केला, मामाला केला. पुढचं नाव आईचं असतं. पोरी थांबल्या. ममता घराला वळसा घालून मागे गेली आणि हातातला दिवा घेऊन परत आली, तो पायरीवर न ठेवता. तिथे उजेड होताच.

पोरी पुढच्या घराकडे गेल्यावर रामधन म्हणाला, "हरिसिंग, मागं चाल जरा."

"मागं काय हाय?"

"चाल तं खरं."

पायरीवर बल्ब लागला होता. समोरचे दिवे लागत-विझत होते, त्यांची उघडझाप लिंबाच्या शेंड्यावर दिसत होती. हा एकच स्थिर होता. रामधन पायरीवर बसला आणि त्याने बाजूची जागा हाताने पुसली.

"त्या दिवशी लाईट होती," तो म्हणाला. "हा होल्डर म्या जोडला नव्हता. आज जोडला."

हरिसिंग उभाच राहिला. त्याने बल्बाकडे पाहिलं, मग खालच्या दगडाकडे.

"अन् ममता कुठं होती?"

"तिचं काही नाई त्यात," रामधन म्हणाला. "वायर माही होती."

हरिसिंगने डोक्यावरचा रुमाल काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. उजवा हात त्याने मांडीला घासला, जसा मातीचा हात घासतात.

"तो लाईनमन," तो म्हणाला, "अजून हाय काय इथं?"

"हाय. विठ्ठलराव नाव हाय त्याचं."

"घर माईत हाय?"

"माईत हाय."

हरिसिंग खाली बसला, पण रामधनला लागून नाही. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा राहिली.